नैसर्गिक संसाधनांचे सुशासन

पाणी, जंगल, जमीन, चराऊ कुरणे, मासे, खनिजे यांसारख्या नैसर्गिक संसाधनांविषयीचे निर्णय कोणी, कोणत्या नियमांनी आणि कोणाला उत्तरदायी राहून घ्यावेत, याविषयीच्या तत्त्वांना व व्यवस्थांना नैसर्गिक संसाधनांचे सुशासन असे म्हणतात. संसाधनाचा आजचा वापर न्याय्य असावा आणि त्याची पुनर्निर्मितीची क्षमता पुढील पिढ्यांसाठी टिकून राहावी, हे या सुशासनाचे दुहेरी उद्दिष्ट होय. हक्कांची स्पष्टता, निर्णयप्रक्रियेतील सहभाग, पारदर्शकता, उत्तरदायित्व, न्याय्य वाटप, कायद्याचे राज्य, तंटानिवारण आणि अनुभवानुसार नियम बदलण्याची क्षमता ही त्याची प्रमुख तत्त्वे मानली जातात.

संसाधनांचा ऱ्हास हा केवळ तांत्रिक अज्ञानामुळे होत नाही. भूजलाची पातळी खालावत आहे हे विहिरीच्या मालकाला माहीत असते. तरीही तो विहीर आणखी खोल करतो, कारण आपण उपसा थांबवला तर ते पाणी शेजाऱ्याच्या विहिरीत जाईल, अशी त्याची रास्त भीती असते. अशा परिस्थितीत प्रश्न माहितीचा नसून परस्परविश्वासाचा व नियमांचा असतो. म्हणूनच अभियांत्रिकी व परिसंस्थाशास्त्र यांच्या जोडीने शासनव्यवस्थेचा विचार या विषयात केंद्रस्थानी येतो.

## संज्ञा व व्याप्ती

'व्यवस्थापन' आणि 'शासन' या संज्ञा अनेकदा समानार्थी वापरल्या जातात. परंतु त्यांत फरक आहे. धरणातून किती पाणी, कोणत्या दिवशी, कोणत्या कालव्यात सोडायचे हे ठरवणे व तसे करणे म्हणजे व्यवस्थापन. ते ठरवण्याचा अधिकार कोणाला, कोणत्या निकषांवर, आणि निर्णय चुकल्यास जाब कोणाला विचारायचा, हा शासनाचा विषय होय. शासन म्हणजे केवळ सरकार नव्हे. ग्रामसभा, पाणीवापर संस्था, न्यायालये, रूढी, बाजारपेठ आणि स्वयंसेवी संस्था हे सर्व त्याचे घटक असतात.

अनेक नैसर्गिक संसाधनांना 'सामाईक संसाधने' म्हटले जाते. त्यांची दोन लक्षणे असतात. पहिले, त्यांच्या वापरापासून कोणाला वगळणे कठीण व खर्चिक असते. दुसरे, एकाने घेतलेला वाटा दुसऱ्यासाठी उरत नाही. समुद्रातील मासे, भूजल, गायराने आणि नदीचे वाहते पाणी ही त्याची उदाहरणे आहेत. पहिल्या लक्षणामुळे अतिवापराचा मोह होतो व दुसऱ्यामुळे त्या अतिवापराचा फटका सर्वांना बसतो. खनिजांचे स्वरूप निराळे आहे. ती पुन्हा निर्माण होत नाहीत. त्यामुळे त्यांच्याबाबत मुख्य प्रश्न उत्खननाचा वेग, त्यातून मिळणाऱ्या उत्पन्नाची वाटणी आणि परिसराची हानी यांविषयीचा असतो.

## वैचारिक पार्श्वभूमी

अमेरिकन परिसंस्थाशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांनी इ.स. १९६८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात 'द ट्रॅजेडी ऑफ द कॉमन्स' हा निबंध प्रसिद्ध केला. सर्वांसाठी खुल्या असलेल्या कुरणावर प्रत्येक गुराखी आपले एकेक जनावर वाढवत जातो, कारण लाभ त्याचा एकट्याचा व तोटा सर्वांचा असतो. परिणामी कुरण नष्ट होते, असा त्यांचा युक्तिवाद होता. या मांडणीवरून संसाधन एकतर खाजगी मालकीचे करावे किंवा राज्यसंस्थेच्या नियंत्रणाखाली आणावे, असे दोनच मार्ग दीर्घकाळ सांगितले गेले. आपल्या निबंधात 'व्यवस्थापन नसलेली' हे विशेषण सामाईक संसाधनांना लावायचे राहून गेले, असे हार्डिन यांनी पुढे स्वतः मान्य केले.

राज्यशास्त्रज्ञ एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी या द्वैताला प्रत्यक्ष उदाहरणांच्या आधारे आव्हान दिले. स्वित्झर्लंडमधील आल्प्स पर्वतातील कुरणे, जपानमधील गावकीची जंगले, स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथील सिंचन आणि फिलिपाइन्समधील शेतकऱ्यांच्या सिंचनसंस्था यांचा तौलनिक विचार त्यांनी 'गव्हर्निंग द कॉमन्स' या इ.स. १९९० मधील ग्रंथात केला. हार्डिन यांचे कुरण हे 'सामाईक' नसून 'बेवारस' होते, आणि ज्या समूहांकडे स्वतःचे नियम व देखरेख असते ते शतकानुशतके संसाधन टिकवू शकतात, हे त्यांनी दाखवले. त्याचबरोबर तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरील काही मासेमारी क्षेत्रांसारखी अपयशी उदाहरणेही त्यांनी तपासली. या संशोधनासाठी इ.स. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल स्मृती पारितोषिक ऑलिव्हर विल्यमसन यांच्यासह विभागून देण्यात आले. हे पारितोषिक मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला होत.

आंतरराष्ट्रीय पातळीवर इ.स. १९८७ च्या ब्रुन्टलँड आयोगाच्या अहवालाने शाश्वत विकासाची संकल्पना रूढ केली. इ.स. १९९२ मधील रिओ जाहीरनाम्याच्या दहाव्या तत्त्वाने पर्यावरणविषयक माहिती मिळवण्याचा, निर्णयात सहभागी होण्याचा आणि न्याय मागण्याचा असे तीन मार्ग नागरिकांना खुले असावेत, असे सांगितले. युरोपात इ.स. १९९८ चा आर्हुस करार आणि लॅटिन अमेरिका व कॅरिबियन प्रदेशात इ.स. २०१८ चा एस्काझू करार यांनी या तत्त्वाला बंधनकारक रूप दिले.

## ऑस्ट्रॉम यांची आठ तत्त्वे

दीर्घकाळ टिकलेल्या सामाईक व्यवस्थांमध्ये आढळणारी आठ लक्षणे ऑस्ट्रॉम यांनी नोंदवली आहेत :

१. संसाधनाची सीमा आणि वापराचा हक्क असलेल्यांची यादी स्पष्ट असते.

२. वापराचे व श्रमदानाचे नियम स्थानिक परिस्थितीशी आणि एकमेकांशी सुसंगत असतात. जो अधिक घेतो तो अधिक भार उचलतो.

३. ज्यांच्यावर नियम लागू होतात त्यांना ते बदलण्याच्या प्रक्रियेत भाग घेता येतो.

४. देखरेख करणारे स्वतः वापरकर्ते असतात किंवा वापरकर्त्यांना उत्तरदायी असतात.

५. नियमभंगाची शिक्षा क्रमाक्रमाने वाढत जाते. पहिल्या चुकीला सौम्य व वारंवार होणाऱ्या चुकीला कठोर.

६. तंटे मिटवण्यासाठी जवळची, स्वस्त व जलद यंत्रणा असते.

७. स्वतःची संस्था व नियम बनवण्याच्या समूहाच्या अधिकाराला सरकारची किमान मान्यता असते.

८. मोठ्या संसाधनांच्या बाबतीत लहान संस्था मोठ्या संस्थांमध्ये स्तरशः गुंफलेल्या असतात.

ही तत्त्वे म्हणजे यशाची हमी देणारी कृती नव्हे. टिकून राहिलेल्या व्यवस्थांच्या अभ्यासातून निघालेले ते निष्कर्ष आहेत; प्रत्येक ठिकाणचे प्रत्यक्ष नियम वेगळे असतात.

## सुशासनाची प्रमुख तत्त्वे

### हक्कांची स्पष्टता

ज्याला उद्या आपला वाटा मिळेल याची खात्री नसते, तो आज शक्य तितके घेतो. त्यामुळे वापराच्या हक्काची निश्चिती ही संवर्धनाची पहिली अट मानली जाते. हक्क म्हणजे नेहमी मालकी नव्हे. संसाधनापर्यंत जाण्याचा, त्यातून काही घेण्याचा, त्याचे व्यवस्थापन करण्याचा, इतरांना वगळण्याचा आणि ते हस्तांतरित करण्याचा असे हक्कांचे वेगवेगळे प्रकार असतात. विक्रीचा हक्क नसतानाही व्यवस्थापनाचा पक्का हक्क असेल, तर समूह दीर्घकालीन विचार करू शकतो. नेपाळमध्ये इ.स. १९९३ च्या वन कायद्यानंतर वनजमिनीची मालकी सरकारकडेच राहिली, तरी व्यवस्थापन व उत्पन्न यांचे अधिकार स्थानिक उपभोक्ता गटांना मिळाले. तेथे असे वीस हजारांहून अधिक गट स्थापन झाले आहेत.

### सहभाग व विकेंद्रीकरण

निर्णयाचा परिणाम ज्यांच्या उपजीविकेवर होतो, त्यांना तो घेताना मत मांडता यावे व त्या मताला वजन असावे, हे सहभागाचे तत्त्व होय. आधीच झालेला निर्णय लोकांना कळवणे हा सहभाग नव्हे. विकेंद्रीकरणाचे तत्त्व याच्याशी निगडित आहे. निर्णय शक्य तितक्या खालच्या, पण संसाधनाच्या आकाराला पुरेशा अशा पातळीवर घ्यावा, असे ते सांगते. गावतळ्याचा निर्णय गाव घेऊ शकते. मात्र अनेक जिल्ह्यांतून वाहणाऱ्या नदीचा निर्णय कोणतेही एक गाव घेऊ शकत नाही.

### पारदर्शकता व उत्तरदायित्व

किती पाणी उपलब्ध आहे, कोणाला किती मिळाले, खाणीतून किती खनिज निघाले, स्वामित्वधन किती जमा झाले, ही माहिती सर्वांना समजेल अशा रूपात खुली असणे म्हणजे पारदर्शकता. माहिती उपलब्ध असूनही जाब विचारण्याची यंत्रणा नसेल, तर तिचा उपयोग मर्यादित राहतो. म्हणून नियमित हिशेब, सामाजिक लेखापरीक्षण, पदाधिकाऱ्यांना पदावरून दूर करण्याची तरतूद आणि न्यायालयीन पुनर्विलोकन यांची जोड आवश्यक असते.

### न्याय्य वाटप

संवर्धनाचा भार आणि त्याचा लाभ एकाच समूहाच्या वाट्याला येतोच असे नाही. कुरणावर चराईबंदी झाली की सर्वांत आधी झळ बसते ती भूमिहीन शेळीपालकाला. पाणलोटाच्या कामांनंतर वाढलेले पाणी मात्र विहीर असलेल्या शेतकऱ्याला मिळते. असा असमतोल दूर करणारी तरतूद नसेल, तर नियमांची वैधता हळूहळू संपते व त्यांचे उल्लंघन वाढते. त्यामुळे न्याय हे नैतिक मूल्य तर आहेच. शिवाय ती व्यवस्थेच्या टिकाऊपणाचीही अट आहे.

### कायद्याचे राज्य व तंटानिवारण

नियम सर्वांना सारखे लागू होणे आणि तंटा उद्भवल्यास तो निःपक्षपातीपणे सोडवला जाणे, हे या तत्त्वाचे सार होय. व्हॅलेन्सिया येथील जलन्यायाधिकरण हे त्याचे सुप्रसिद्ध उदाहरण आहे. शेतकऱ्यांनी निवडलेले सदस्य दर गुरुवारी तेथील कॅथेड्रलच्या दाराशी बसून पाण्याच्या तक्रारी तोंडी ऐकतात व तेथेच निर्णय देतात. युनेस्कोने इ.स. २००९ मध्ये या परंपरेचा समावेश अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला.

### ज्ञान व अनुकूलन

निसर्गातील बदल पूर्णतः आधी ओळखता येत नाहीत. म्हणून निर्णय उपलब्ध ज्ञानावर आधारलेले, सावध आणि नवी माहिती मिळताच बदलता येण्याजोगे असावेत. कॅनडातील न्यूफाउंडलँडच्या कॉड माशांचा ऱ्हास हे या तत्त्वाच्या उल्लंघनाचे ठळक उदाहरण मानले जाते. इ.स. १९८० च्या दशकात माशांच्या साठ्याचा सरकारी अंदाज प्रत्यक्षापेक्षा बराच अधिक होता. जाळ्यात येणारे मासे कमी व लहान होत असल्याच्या किनाऱ्याजवळील मच्छीमारांच्या तक्रारींकडे पुरेसे लक्ष दिले गेले नाही. अखेर जुलै १९९२ मध्ये तेथील कॉड मासेमारीवर बंदी घालावी लागली व सुमारे ३०,००० लोकांचा रोजगार गेला.

### समन्वय

जंगल, पाणी, शेती आणि ऊर्जा यांची खाती स्वतंत्र असली, तरी निसर्गात त्यांचे व्यवहार परस्परांत गुंतलेले असतात. शेतीपंपांना मिळणाऱ्या स्वस्त विजेचे धोरण ऊर्जा खात्याचे असते. त्याचा परिणाम भूजलावर होतो. एका खात्याच्या सवलतीने दुसऱ्या खात्याचे नियम निष्प्रभ होऊ नयेत, यासाठी धोरणांतील सुसंगती आवश्यक असते.

## भारतातील कायदेशीर चौकट

भारतीय राज्यघटनेत इ.स. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने कलम ४८-अ व कलम ५१-अ (छ) यांचा समावेश झाला. पर्यावरण, वने व वन्यजीव यांचे रक्षण हे त्यानुसार अनुक्रमे राज्यसंस्थेचे निदेशक तत्त्व व नागरिकांचे मूलभूत कर्तव्य ठरले. इ.स. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनात्मक स्थान दिले. इ.स. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना समूहाच्या संसाधनांचे रक्षण करण्यास सक्षम मानले व गौण वनोपजाच्या मालकीची तरतूद केली. माहितीचा अधिकार अधिनियम (२००५), वनहक्क अधिनियम (२००६) आणि राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण अधिनियम (२०१०) यांनी अनुक्रमे पारदर्शकता, हक्कांची निश्चिती व न्यायाचा मार्ग या तत्त्वांना कायद्याचा आधार दिला. खनिजांच्या बाबतीत इ.स. २०१५ च्या दुरुस्तीनंतर खाणबाधित जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठाने स्थापन करणे आवश्यक झाले.

न्यायालयांनीही या चौकटीत भर घातली आहे. बियास नदीच्या पात्रालगत एका हॉटेलसाठी दिलेल्या जमिनीसंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने इ.स. १९९६ मध्ये सार्वजनिक विश्वस्ततेचे तत्त्व भारतीय कायद्याचा भाग असल्याचे सांगितले. नद्या, वने, समुद्रकिनारे यांसारख्या संसाधनांचे सरकार हे मालक नसून जनतेच्या वतीने विश्वस्त आहे, असे हे तत्त्व मानते. ओडिशातील नियमगिरी डोंगरातील बॉक्साइट खाणीबाबत एप्रिल २०१३ मध्ये याच न्यायालयाने डोंगरिया कोंध व अन्य वनवासी समूहांच्या हक्कांचा विचार ग्रामसभांनी करावा, असा आदेश दिला. त्यानुसार बोलावलेल्या बाराही ग्रामसभांनी खाणीला नकार दिला.

## महाराष्ट्र व गोव्यातील उदाहरणे

### फड पद्धत

धुळे, नंदुरबार व नाशिक या भागांतील पांझरा, मोसम आदी नद्यांवरील बंधाऱ्यांवर 'फड' ही सामूहिक सिंचनपद्धत काही शतके प्रचलित होती. बंधाऱ्याखालील क्षेत्राचे फड पाडले जात व प्रत्येक फडात त्या हंगामात ठरलेले एकच पीक घेतले जाई. नदीला पाणी कमी असेल, त्या वर्षी एखादा फड पूर्णतः कोरडा ठेवला जाई. अनेक शेतकऱ्यांची जमीन वेगवेगळ्या फडांत असल्याने तुटीचा भार विभागला जाई. पाणी देण्यासाठी पाटकरी, पिकाच्या राखणीसाठी जागल्या असे सेवक शेतकरीच नेमत. पाटांची वार्षिक साफसफाईही सामूहिक असे. नदीच्या वरच्या भागातील धरणे, वैयक्तिक विहिरी आणि पीकपद्धतीतील बदल यांमुळे ही पद्धत क्षीण झाली.

### पाणी पंचायत

इ.स. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुणे जिल्ह्याच्या पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे पाणी पंचायतीचा प्रयोग सुरू केला. पाण्याचा वाटा जमिनीच्या प्रमाणात न देता कुटुंबातील माणसांच्या संख्येनुसार द्यायचा, हे तिचे मूलभूत तत्त्व होते. दरडोई अर्धा एकर व कुटुंबामागे कमाल अडीच एकर क्षेत्राला पुरेल एवढे पाणी, उसासारख्या पिकांना मनाई, भूमिहीनांनाही पाण्यात वाटा, आणि जमीन विकली तरी पाण्याचा हक्क जमिनीबरोबर न जाणे, असे तिचे नियम होते. पाण्याचा हक्क जमिनीच्या मालकीपासून वेगळा करण्याचा हा विचार पुढील काळातील समन्यायी पाणीवाटपाच्या चळवळींना प्रेरक ठरला.

### हिवरे बाजार

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार हे गाव पर्जन्यछायेच्या प्रदेशात आहे. सरपंच पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली इ.स. १९९० च्या दशकात येथे पाणलोट विकासाची कामे झाली. ही कामे अन्यत्रही झाली होती. हिवरे बाजारचे वेगळेपण त्यानंतरच्या नियमांत आहे. कुऱ्हाडबंदी व चराईबंदीबरोबर सिंचनासाठी विंधणविहिरी घेण्यास ग्रामसभेने मनाई केली. दर वर्षी पावसाची नोंद करून पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. पिण्याचे पाणी व जनावरांची गरज आधी वजा करून उरलेल्या पाण्यावर कोणती पिके घ्यायची हे ठरते. पाण्याचा साठा वाढवण्याइतकेच त्याची मागणी मर्यादित ठेवणे महत्त्वाचे असते, हे या उदाहरणातून दिसते.

राज्यभरासाठी भूजलाचे नियमन करण्याच्या हेतूने महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ करण्यात आला. शेती व उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा खोल विहिरी घेण्यास त्यात मनाई आहे. मात्र लाखो विखुरलेल्या विहिरींवर बाहेरून देखरेख ठेवणे अवघड असल्याने अशा कायद्याची अंमलबजावणी गावाच्या संमतीवर व सहकार्यावरच अवलंबून राहते.

### मेंढा लेखा

गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातील मेंढा लेखा हे गोंड आदिवासींचे गाव आहे. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' या घोषणेमुळे ते सर्वत्र परिचित झाले. ग्रामसभेतील निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घ्यायचे आणि निर्णयापूर्वी 'अभ्यास गटा'त विषयाचा विचार करायचा, ही येथील कार्यपद्धती आहे. देशात सर्वप्रथम सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांपैकी ते एक असून सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर त्याचा हक्क मान्य झाला आहे.

हक्क मान्य झाल्यानंतरही बांबू विकण्याचा प्रश्न शिल्लक होता. वाहतूक परवाना देण्याचा अधिकार वन विभागाकडे असल्याने गावाला आपला बांबू बाहेर नेता येत नव्हता. एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरण व वनमंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेकडे देण्यात आले, तेव्हा तो हक्क व्यवहारात उतरला. कागदावरील हक्क आणि वापरता येणारा हक्क यांतील अंतर या घटनेतून स्पष्ट होते.

### गोव्यातील खाजन शेती व खाणी

गोव्यातील खाजन जमिनी म्हणजे खाड्यांलगत बांध घालून मिळवलेली शेती होय. भरतीचे खारे पाणी 'मानस' नावाच्या झडपांच्या दारांनी अडवले जाते. बांधांची देखभाल पूर्वी गावकरी अर्थात कोमुनिदाद या ग्रामसंस्थेकडे असे आणि मानशीवरील मासेमारीच्या लिलावातून तिला उत्पन्न मिळे. गोवा मुक्तीनंतरच्या कूळकायद्यांनी कसणाऱ्याला संरक्षण दिले; बांधांची जबाबदारी मात्र नव्या कूळ संघटनांकडे गेली. अनेक ठिकाणी या संघटनांना ती पेलता आली नाही, आणि भातशेतीपेक्षा मासेमारीचे उत्पन्न आकर्षक ठरल्याने खारे पाणी शेतात शिरू लागले. एक अन्याय दूर करताना देखभालीची जुनी संस्था कमकुवत झाली व तिची जागा घेणारी तेवढीच समर्थ संस्था उभी राहिली नाही, असे या घडामोडीचे विश्लेषण केले जाते.

गोव्यातील लोहखनिजाच्या खाणींमध्ये प्रश्न कायद्याच्या राज्याचा होता. न्यायमूर्ती शाह आयोगाचा अहवाल आल्यानंतर सप्टेंबर २०१२ मध्ये राज्यातील खाणकाम थांबवण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ मध्ये खाणपट्ट्यांची मुदत नोव्हेंबर २००७ मध्येच संपल्याचा निर्णय दिला, वार्षिक उत्खननावर दोन कोटी टनांची अंतरिम मर्यादा घातली आणि विक्रीच्या रकमेच्या दहा टक्के वाटा असलेला कायम निधी उभारण्यास सांगितले. त्यानंतर झालेले ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरणही फेब्रुवारी २०१८ मध्ये रद्द झाले. या निर्णयांनी सार्वजनिक संपत्तीच्या विश्वस्ततेचे तत्त्व ठळक केले. पण ट्रक व बार्ज यांवर उपजीविका असलेल्या कुटुंबांना खाणबंदीची मोठी झळ बसली. नियमन वेळेवर झाले नाही की त्याची किंमत बहुधा निर्णय न घेणाऱ्यांनाच मोजावी लागते.

### गोदावरीचे पाणीवाटप

इ.स. २००५ मध्ये महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाची स्थापना करणारा कायदा झाला. तुटीच्या वर्षी खोऱ्यातील पाण्याचे समन्यायी वाटप व्हावे, अशी तरतूद त्यात आहे. नाशिक व अहिल्यानगर जिल्ह्यांतील वरच्या धरणांत पाणी असताना पैठणचे जायकवाडी धरण रिकामे राहते, या मराठवाड्याच्या तक्रारीवर प्राधिकरणाने सप्टेंबर २०१४ मध्ये वरच्या धरणांतून पाणी सोडण्याविषयीचे निकष ठरवून दिले. मुंबई उच्च न्यायालयाने इ.स. २०१६ मध्ये समन्यायी वाटपाचे हे तत्त्व उचलून धरले. तरीही तुटीच्या वर्षी पाणी सोडण्यावरून दोन्ही बाजूंनी आंदोलने व न्यायालयीन दावे होत असतात. गावपातळीवर परस्परविश्वासाने जे साधते, ते खोऱ्याच्या पातळीवर मोजमाप, पूर्वघोषित निकष व स्वायत्त नियामक यांच्याशिवाय साधत नाही.

## मर्यादा व टीका

सुशासनाच्या तत्त्वांवर अनेक अंगांनी टीका झाली आहे. पहिला आक्षेप असा की, 'समुदाय' हा एकजिनसी नसतो. जात, जमीनधारणा व लिंगभाव यांनुसार गावात सत्तेची उतरंड असते आणि विकेंद्रीकरणाचा लाभ गावातील वरचढ गटच घेण्याचा धोका असतो. महाराष्ट्रातील पाणीवापर संस्थांचे सभासदत्व लाभक्षेत्रातील जमिनीशी जोडलेले आहे. त्यामुळे भूमिहीन व ज्यांच्या नावे सातबारा नाही अशा बहुसंख्य स्त्रिया आपोआप निर्णयप्रक्रियेबाहेर राहतात. अर्थशास्त्रज्ञ बीना अग्रवाल यांनी भारत व नेपाळमधील वनव्यवस्थापन गटांच्या अभ्यासातून, कार्यकारिणीत स्त्रियांचे प्रमाण अधिक असलेल्या गटांत जंगलाची स्थिती सुधारण्याची शक्यता अधिक असल्याचे दाखवले आहे.

दुसरा आक्षेप नावापुरत्या विकेंद्रीकरणाविषयी आहे. जबाबदाऱ्या खाली सोपवल्या जातात; निधी, कर्मचारी व उत्पन्नाचे अधिकार मात्र वरच राहतात. तिसरा आक्षेप असा की, यशस्वी गावांची उदाहरणे बहुधा असामान्य नेतृत्वाशी जोडलेली असतात आणि शासकीय योजनेद्वारे त्यांची नक्कल करणे कठीण जाते. या आक्षेपाला उत्तर देताना अभ्यासक असे दाखवतात की, फड पद्धतीसारख्या व्यवस्था कोणा एका व्यक्तीवर अवलंबून नव्हत्या. नियम व नेमून दिलेली कामे यांच्या बळावर त्या पिढ्यान्‌पिढ्या चालल्या.

याशिवाय तत्त्वांमध्ये परस्परविरोधही संभवतो. व्यापक सहभागाला वेळ लागतो, तर संकटात जलद निर्णय आवश्यक असतो. स्थानिक स्वायत्तता मान्य केली, तर एखादे गाव अल्पकालीन लाभासाठी संसाधन विकण्याचाही निर्णय घेऊ शकते. हवामानबदलासारखे संकट स्थानिक नियमांच्या आवाक्याबाहेरचे असते. त्यामुळे कोणत्याही एका पातळीला अंतिम अधिकार न देता, एकमेकांवर नियंत्रण ठेवणाऱ्या अनेक केंद्रांची व्यवस्था असावी, असे 'बहुकेंद्री शासन' या नावाने ओळखले जाणारे मत मांडले जाते.

## मूल्यमापन

एखाद्या संसाधनाचे शासन कितपत चांगले आहे हे तपासताना पुढील प्रश्न उपयुक्त मानले जातात. वापराचा हक्क कोणाला आहे व तो नोंदलेला आहे काय? नियम कोणी बनवले व ते बदलता येतात काय? वापराची नोंद कोण ठेवते व ती कोणाला पाहता येते? नियम मोडणाऱ्या प्रभावी व्यक्तीला शिक्षा होते काय? तुटीच्या वर्षी सर्वांत आधी कोणाचा वाटा कापला जातो? संसाधनाची स्थिती दहा वर्षांपूर्वीच्या तुलनेत कशी आहे? यांपैकी शेवटचा प्रश्न संसाधनाच्या टिकाऊपणाचा व त्याआधीचा न्यायाचा आहे. विपुलतेच्या काळात जवळजवळ कोणतीही व्यवस्था चालते. तिची खरी परीक्षा टंचाईच्या काळातच होते.